उघड्या डोळ्यांचा फोटो

एकदा एका वृद्ध छायाचित्रकाराच्या घरी एक तरुण मुलगी प्रकाश शिकायला आली. कॅमेरा तिला येत होता, प्रकाश येत नव्हता. महाविद्यालयात असताना तिने मोर्चांचे, उपोषणांचे, रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढले होते आणि त्यांचं कौतुकही झालं होतं. पण ते सारं उन्हातलं काम. बंद खोलीत, फ्लॅशच्या उजेडात माणूस समोर बसवला की तिच्या फोटोतला चेहरा ओळखपत्रावरच्या चेहऱ्यासारखा होई. चपटा, थिजलेला, कुणीतरी अचानक पकडल्यासारखा.

वृद्धाला सगळे अप्पा म्हणत. एस.टी. स्टँडसमोरचा त्यांचा स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. आता घराचा पुढचा हॉल हाच स्टुडिओ. सोफा भिंतीला सरकवला, पडद्याच्या दांडीवर राखाडी चादर टाकली, की काम सुरू. सामान बेताचं होतं. दोन फ्लॅश, दोन स्टँड, एक पांढरी छत्री आणि थर्माकोलचा एक मोठा तुकडा. फ्लॅशचा उजेड त्या थर्माकोलवर आपटून चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला परत जाई. तो तुकडा धरून कुणीतरी बसणाऱ्याच्या अगदी शेजारी उभं राहावं लागे.

अप्पांची शिकवण्याची रीत साधी होती. ते स्टुलावर एक सोललेलं उकडलेलं अंडं ठेवत आणि म्हणत, "हे गोल दिसलं पाहिजे." मुलगी फ्लॅश इकडे ठेवी, तिकडे ठेवी. फोटो जमला तर अप्पा ते अंडं मीठ लावून स्वतः खात. नाही जमला तर तिला खावं लागे. पहिल्या महिन्यात तिचं वजन वाढलं.

हळूहळू तिला उमजलं की उघडा फ्लॅश बाजूने मारला तर पृष्ठभागावरची प्रत्येक खाच वर येते, आणि तोच उजेड छत्रीतून आणला तर मऊ होतो, खाचांना सांभाळून घेतो. यावरून तिने लगेच एक मत बनवलं.

"अप्पा, मऊ उजेड म्हणजे खोटेपणा आहे. लपवाछपवी."

"तुझं मत फार लवकर शिजतं," अप्पा म्हणाले. "अंडं खा."

असेच तीन महिने गेले, आणि एका सकाळी गावाबाहेरच्या एका कारखान्याचा मालक आपली गाडी अप्पांच्या दारात उभी करून आत आला. त्याच्यामागून एक माणूस आला आणि उंबऱ्याशी चपला काढून तिथेच उभा राहिला.

अशा कथांतल्या माणसांना बहुधा नावं नसतात. एक गुरू, एक शिष्य, एक व्यापारी, एवढ्यावर भागतं. पण उंबऱ्याशी उभ्या असलेल्या या माणसाला नाव आहे, आणि ते इथे मुद्दाम लिहायला हवं, कारण कारखान्याच्या हजेरीपटाशिवाय ते दुसरीकडे कुठे फारसं लिहिलं गेलेलं नाही. त्याचं नाव यमाजी ढोणे.

"अप्पा, हा आमचा यमाजी," कारखानदार मोकळेपणाने म्हणाला. "तीस वर्षं वेल्डिंग. माणूस नाही, हिरा आहे. पुढच्या महिन्यात आमच्याकडे सुरक्षा सप्ताह आहे, त्यात याचा सत्कार. गेटवर याचा मोठा फलक लावायचा. कपाळावर हा चष्मा, चेहऱ्यावर समाधान, आणि खाली एक ओळ. ओळ मीच लिहिली आहे. 'तीस वर्षे ठिणग्यांत, नजर आजही तीक्ष्ण.' कशी वाटते?"

बोलता बोलता त्याने पिशवीतून वेल्डिंगचा काळ्या काचांचा चष्मा काढला. तो प्लास्टिकच्या वेष्टनात होता आणि त्याच्या पट्ट्याला लेबल लटकत होतं.

अप्पांनी यमाजींकडे पाहून विचारलं, "बसता ना?"

"एकच सांगतो," कारखानदार म्हणाला, "डोळे उघडे पाहिजेत. याचे डोळे फोटोत नेमके मिटतात. नाहीच जमलं तर कॉम्प्युटरवर उघडा. दुसऱ्या कुणाचे लावा, गेटवर कोण एवढं बघतंय." आणि फोन वाजला म्हणून तो गाडीत जाऊन बसला.

मुलीने यमाजींना स्टुलावर बसवलं, वेष्टन फाडून चष्मा त्यांच्या कपाळावर चढवला, उजव्या हाताला छत्रीतला फ्लॅश लावला आणि स्वतः थर्माकोल घेऊन डाव्या हाताला उभी राहिली. अप्पा कॅमेऱ्यामागे गेले. तिच्या लक्षात आलं की यमाजी कुणाकडेच सरळ बघत नाहीत. अप्पा बोलले की ते दाराच्या चौकटीकडे बघत, ती बोलली की तिच्या खांद्याकडे. तिला वाटलं, माणूस बुजरा आहे.

फ्लॅश तयार झाला की 'टीं' असा आवाज करी. टीं झालं, आणि अप्पांनी बटण दाबायच्या आत यमाजींचे डोळे गच्च मिटले आणि त्यांचा डावा हात झटक्यात वर आला, थेट फोटोच्या चौकटीत.

"काका, हात खाली ठेवा हं."

"व्हय ताई. चुकलं."

पुन्हा टीं. पुन्हा डोळे बंद, पुन्हा हात वर.

"काका, हात."

"ऱ्हातो खाली. आता न्हाई उचलत."

असे नऊ फोटो झाले आणि नऊच्या नऊ फोटोंत तो हात आला. रुंद, जाड पंजा, बोटं जुळलेली. मुलगी वैतागली.

"तुम्हाला फ्लॅशची भीती वाटते का?"

यमाजी हसले. "ह्याची कसली भीती ताई. वेल्डिंगच्या उजेडाचा धाकला भाऊ हाय ह्यो. मोठ्या भावाबरोबर तीस वर्सं काढली. माझ्या लग्नातल्या फोटोतबी डोळं मिटल्यालंच हायत. बायको अजून सांगत सुटती, म्या झोपलेल्या मानसासंगं लगीन केलं म्हून."

अप्पाही हसले. मग यमाजी म्हणाले, "खरं सांगू का, मला त्या फलकाचं काय बी न्हाई. साहेब म्हनलं, एक कापी घरी देतो, म्हून आलो. डोळं उघडं असल्याला माझा एकबी फोटो न्हाई. रेशनकार्डावर न्हाई, कुठंच न्हाई. आन् आता दाक्तर म्हनतोय, हाय तेवढं जपा, गेलं ते येनार न्हाई. म्हटलं, पुरतं मालवायच्या आत एक फोटो व्हावा. घरच्यांना बघाया."

"डोळ्यांना काय झालंय?" मुलीने विचारलं.

"मधोमध डाग पडलाय. ज्येच्याकडं बघीन तेवढंच दिसत न्हाई, भवतीचं समदं दिसतंय. तुमच्या खांद्याकडं बघितलं की तुमचं तोंड दिसतंय. तोंडाकडं बघितलं की तोंड गायब."

"पण चष्मा नव्हता का तुम्हाला?"

"काळी काच हुती की. सोळा जनांत मिळून एक, ती बी तडकल्याली. मागितली लई बार. म्हनायचं, मागणी वर धाडलीय. ह्यो असला चष्मा आज पयल्यांदा डोक्यावर चढलाय माझ्या."

हे त्यांनी कुठलीही तक्रार न करता सांगितलं. आणि हेच मुलीला सहन झालं नाही. ते का सहन व्हावं? या देशात पत्र्याची शेगडी घ्या, शाळेचं फाटक घ्या, बसची सीट घ्या, प्रत्येक सांध्यावर कुणा यमाजीच्या नजरेचा एक कण खर्ची पडलेला आहे. तो वाचवायला एक काच पुरली असती. ती काच तीस वर्षं वर धाडलेल्या मागणीत अडकून पडते, आणि फोटो काढायचा म्हटलं की एका सकाळीत स्टोअरमधून बाहेर येते. माणसाची दृष्टी घालवायची आणि वर त्याच्याच चेहऱ्याखाली 'नजर तीक्ष्ण' असं लिहायचं. चोर निदान चोरी केलेल्या घरावर धन्यवादाची पाटी लावत नाही.

मुलीने यमाजींच्या कपाळावरचा चष्मा काढून सोफ्यावर टाकला. थर्माकोल भिंतीशी ठेवून दिला. छत्री काढली, फ्लॅश उघडा केला आणि अगदी बाजूला, कानाच्या रेषेत आणून ठेवला.

"अप्पा, हा मी काढते."

अप्पांनी कॅमेरा तिच्या हातात दिला आणि ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

टीं झालं. यमाजींचे डोळे गच्च मिटले. या वेळी हात मात्र मांडीवरून हलला नाही. मुलीच्या ते ध्यानात आलं नाही, अप्पांच्या आलं. तिने बटण दाबलं आणि फोटो लॅपटॉपवर मोठा करून लावला. ठिणग्यांनी पडलेले गालावरचे सगळे खड्डे काळे भरले होते. अर्धा चेहरा अंधारात बुडाला होता. मिटलेल्या पापण्या भाजल्यासारख्या सुरकुतल्या होत्या. फोटो जबरदस्त होता. कुठल्याही प्रदर्शनात माणसं त्याच्यासमोर थबकली असती.

"बघा काका."

यमाजी पडद्याच्या वीतभर जवळ गेले आणि मान वाकडी करून त्यांनी तिरक्या नजरेने फोटो न्याहाळला.

"कोन ह्यो?" ते म्हणाले. मग त्यांनी स्वतःचा गाल चाचपला. "मीच व्हय."

"हे खरं आहे काका. तुमच्यावर जे केलं गेलं ते सगळं यात आहे."

"खरं हाय की. न्हाई म्हनत न्हाई मी. पर ह्यो घरात कुटल्या भिंतीला लावू? नात हाय तीन वर्सांची."

"घरात नाही, हा गेटवर लागला पाहिजे. सगळ्यांना दिसू दे."

यमाजींनी तिच्या खांद्याकडे पाहिलं. "म्हंजी तुमी बी मला गेटवरच लावताय व्हय," ते म्हणाले.

मुलीला राग आला. आपण या माणसाच्या बाजूने उभ्या आहोत हे याला कळू नये? ती अप्पांकडे वळली. अप्पा खिडकीपासून हलले. त्यांनी छत्री पुन्हा फ्लॅशला लावली आणि स्टँड पुन्हा पुढे आणला. थर्माकोल उचलून मुलीच्या हातात दिला आणि तिला खांद्याला धरून यमाजींच्या डाव्या बाजूला, मघाच्याच जागी उभं केलं. मग सोफ्यावरचा चष्मा उचलला, त्याचं लेबल तोडलं आणि तो तिच्यापुढे धरला.

"घाल."

"मी? मी कशाला?"

"डोळ्यांवर घाल. कपाळावर नको."

"अप्पा, ही थट्टेची वेळ आहे का?"

"घाल म्हटलं ना."

तिने रागारागाने चष्मा चढवला आणि खोली नाहीशी झाली. काळ्या काचांमागे तिला अप्पा दिसेनात, यमाजी दिसेनात, स्वतःच्या हातातला थर्माकोलही दिसेना. कारखानदाराची वस्तू आपल्याच डोळ्यांवर बांधून अप्पांनी आपल्याला आंधळं करून उभं केलं आहे, असं तिला वाटलं आणि तिचे कान तापले.

टीं झालं. यमाजींचा हात उठला, अर्ध्यावर आला आणि तिथेच थांबला. क्षणभर हवेत राहिला. मग सावकाश मांडीवर परतला.

"काच नीट बसली का ताई?" यमाजी म्हणाले. "नाकापाशी फट दिसती. तितनं उजेड घुसतोय. जरा वर घ्या. अजून वर. हां."

ती चष्मा वर घेत असताना ते मान किंचित कलती करून, तिच्या खांद्याच्या रोखाने, काच तिच्या डोळ्यांवर पुरती बसते की नाही ते बघत होते. अगदी मन लावून बघत होते. टीं झालेलं त्यांना कळलंच नसावं. अप्पांनी बटण दाबलं. मग आणखी दोनदा दाबलं.

"झालं," अप्पा म्हणाले. "चष्मा काढ."

लॅपटॉपवर यमाजी ढोणे दिसत होते. गालावरचे खड्डे होते, पण ते गालाचा भाग होते, चेहऱ्याचे मालक नव्हते. आणि डोळे उघडे होते. कडा लालसर, पाणावलेल्या, पण दोन्ही सताड उघडे, शेजारच्या कुणाची तरी काळजी करणारे.

तेवढ्यात कारखानदार आत आला. "झालं का? अरे, हिच्या हातात काय चष्मा? याच्या कपाळावर हवा होता." त्याने पडद्याकडे पाहिलं आणि तो खूश झाला. "वा, उघडले की डोळे. नजर कॅमेऱ्यात नाहीये, पण चालेल. चष्मा कपाळावर चिकटवता येईल ना कॉम्प्युटरवर?"

"येईल," अप्पा म्हणाले. "मी चिकटवणार नाही."

"का बरं?"

अप्पांनी आधीच्या नऊ फोटोंतला एक पडद्यावर लावला. "गेटसाठी हवा असेल तर यमाजींना विचारा, ते हो म्हणाले तर हा न्या."

"हा? यात हात आडवा आलाय. हा हात कशाला वर केलायस रे यमाजी?"

यमाजी उभे राहिले. "ह्यो चष्मा हाय साहेब," ते म्हणाले.

"काय?"

"शेजारी लोखंडाचा तुकडा धरून जो हुभा असतोय, त्येचा चष्मा. त्येचं ध्यान तुकड्यावर, ठिनगी कवा उडंल त्येला कळत न्हाई. काच एकच. मी धरली तर त्यो उघडा पडतो. मंग जोडाला टाका मारताना उजव्या हातात वेल्डिंगचा होल्डर, डावा हात त्येच्या डोळ्यांवर, आन् माझं म्या मिटायचं. मधनंच उघडून टाका बघावा लागतोय, तेवढ्यात जेवढा उजेड आत शिरला तेवढा शिरला. तीस वर्सं ह्योच चष्मा वापरला आमी. फलकावर चष्मा पायजेच आसंल तर ह्यो लावा."

कारखानदार हसायला गेला, पण हसू पुरतं उमटलं नाही. "सत्काराच्या तोंडावर असलं काय बोलतोस तू."

"मंग सत्कार ऱ्हाऊ द्या साहेब. फोटो तेवढा घरला नेतो."

यावर कारखानदाराने फोन खिशात ठेवला. तो काहीतरी मानाचं बोलेल, निदान मान खाली घालेल, असं मुलीला वाटलं. त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "तो चष्मा द्या. स्टोअरला परत जमा करायचाय."

मुलीने चष्मा मुठीत आवळला. तिचे ओठ हलले, पण आधी यमाजीच बोलले. "द्या ताई. बेंचवर सोळा जन हायत आन् चष्मा ह्यो एकच हाय. आन् साहेब, त्यो डोळ्यांवर घालायचा असतोय. पोरांना देताना तेवढं सांगा."

कारखानदार चष्मा घेऊन गेला. गाडीत यमाजींना बसवून आणलं होतं, पण जाताना त्यांच्यासाठी ती थांबली नाही.

आतल्या खोलीत जुना प्रिंटर होता. तो कुरकुरत एक एक रेघ छापत असताना मुलगी अप्पांना म्हणाली, "तुम्ही त्याला एक शब्द बोलला नाहीत. आणि माझ्या फोटोला मात्र नापास केलंत. माझा राग चुकीचा होता का?"

अप्पांनी प्रिंटरवरची नजर काढली नाही.

"राग बरोबर होता," ते म्हणाले. "तो कमी कर असं मी सांगणार नाही. माझाही कमी झालेला नाही, सत्तरी उलटली तरी. पण तू छत्री काढलीस, उघडा फ्लॅश आणलास, तो कुणाच्या तोंडावर मारलास? ज्याच्यावर तुझा राग होता तो बाहेर गाडीत बसून फोनवर बोलत होता. मार बसला यमाजींना. मालकाला त्यांचा चेहरा त्याच्या फलकासाठी हवा होता, तुला तुझ्या तक्रारीसाठी. त्याला ते चकचकीत हवे होते, तुला मोडलेले हवे होते. तू त्याच्यापेक्षा चांगली आहेस, हे मला माहीत आहे. पण स्टुलावर बसलेल्याला ते कसं कळावं? त्याने एकच गोष्ट मागितली होती, उघड्या डोळ्यांचा फोटो. ती तू ऐकलीस आणि पुढे गेलीस."

अप्पांनी प्रिंटरमधून सरकत येणारा कागद सावरला.

"नऊ वेळा तू त्यांना हात खाली ठेवायला सांगितलंस. एकदा तरी तो हात कुठे जातोय ते बघायचं होतंस. घाबरलेला माणूस हात स्वतःच्या तोंडावर आणतो. हा हात दर वेळी तुझ्याकडे येत होता. आणि तू थर्माकोल ठेवून पुढे गेलीस, शेजारी कुणी उरलं नाही, तेव्हा तो उठलाच नाही. मग मी काय वेगळं केलं? तो हात जे मागत होता ते त्याला दिलं. तुझे डोळे झाकले. तीस वर्षांत कारखान्याने जे एकदा केलं नाही, ते एका मिनिटापुरतं या हॉलमध्ये केलं. त्यांना डोळे मिटायचं कारण उरलं नाही."

प्रिंटर थांबला. अप्पांनी कागद हवेत धरून वाळवला आणि तिच्या हातात दिला. "तू नेऊन दे," ते म्हणाले.

यमाजी चपला घालून दारात उभे होते. मुलीने फोटो लगेच पुढे केला नाही.

"काका, एक विचारू? ते हात वर केलेले नऊ फोटो माझ्याकडे आहेत. ते मी कामगार कार्यालयात नेऊ का? वर्तमानपत्रात देऊ का? तुम्ही नको म्हणालात तर आत्ता पुसून टाकते."

यमाजींनी विचार केला. "इचारलंत ते बरं केलं," ते म्हणाले. "माझी ना न्हाई. पर बेंचवरच्या पोरांना बी इचारा. नोकऱ्या त्येंच्या हायत. माझं काम तर डोळ्यांसंगं सुटलंच आता. उद्या दुपारच्या सुट्टीत येताय का? मी घेऊन जातो तुमाला, फाटकाबाहेर चहाच्या गाड्यावर बसत्यात समदे."

"येते," मुलगी म्हणाली.

मग तिने फोटो दिला. यमाजींनी तो दोन्ही हातांनी धरला, उजेडाकडे वळवला, जवळ घेतला, लांब धरला, मान इकडे कलवली, तिकडे कलवली. कागदाच्या कडेला बोट फिरवून बघितलं.

"शर्ट चांगला आलाय," ते म्हणाले. "कान बी दिसत्यात. पर डोळ्यांकडं बघायला गेलं की तितंच डाग येऊन बसतोय. तुमी सांगा ताई. उघडं हायत न्हवं?"

मुलीने फोटोकडे पाहिलं. तिला आता घाई नव्हती.

"उघडे आहेत, काका."

"दोनी?"

"दोन्ही."